वीतभर सैल

सकाळी साडेसहाला आकाराम पाटलांची मारुती गोठ्यातून बाहेर आली आणि गाड्या पोचवणाऱ्या कामिलच्या ट्रेलरवर चढली. चढली म्हणजे तारेनं ओढून घेतली. वडणग्यातल्या त्या गोठ्यात म्हशींच्या रिकाम्या दावणीशेजारी ती दोन वर्षं उभी होती. विमा संपला होता, ब्रेकचा भरवसा नव्हता. आकारामांच्या डोळ्यांचाही उरला नव्हता. काचबिंदूनं कडेकडेचं सगळं खाऊन टाकलं होतं.

गाडी चंदगडला लेकीकडं निघाली होती. वर्षाराणी तिकडं आरोग्य केंद्रात नर्स होती. एसटी चुकली की वाडीवरच्या बाळंतिणीपर्यंत पोचायला तिला दुपार व्हायची. दोनदा तिनं गाडी मागितली आणि दोन्ही वेळा घाटाचा रस्ता, पावसाची सारखी धार, असलं काहीबाही सांगून आकारामांनी विषय मोडला. नंतर तिनं मागितलीच नाही. तिचं न मागणं त्यांना जास्त लागलं.

कामिलनं चाकांपुढं-मागं लाकडी ठोकळे सारले. प्रत्येक चाकावरून रुंद बेल्ट टाकून तो ट्रेलरच्या कडीत अडकवला आणि बेल्ट आवळायचा दांडा वरखाली करू लागला. कट्कट् करत बेल्ट ताणला गेला. टायर दबला.

"बास की आता. गुदमरंल ती," आकाराम म्हणाले.

"आबा, गाडी हाय. म्हस न्हवं."

"त्यास्नी सगळं म्हशीवाणीच," दारातून बयाबाई म्हणाल्या. "मला बघायला आलतं तवा पैलं दात बघितलं माझं."

कामिल हसला, पण दांडा थांबवला नाही. शेवटचा खटका बसल्यावर त्यानं बेल्टवर बोटं मारली. "हलगीगत वाजला पायजे. हिला हलायला जरा जागा दिली, की ती आणखी मागत जाती."

ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपमध्ये आकाराम त्याच्या शेजारी बसले. वाटेत कामिल एकदा थांबला, उतरून चारही बेल्ट वाजवून आला. गडहिंग्लज मागं पडल्यावर एका टपरीपाशी पुन्हा थांबला. आधी बेल्ट बघायचे, मग चहा प्यायचा आणि चहा झाला की सरळ निघायचं, ही त्याची शिस्त. बेल्ट बघून, एक खटका आवळून तो चहा सांगायला गेला.

आकाराम ट्रेलरपाशी रेंगाळले. उन्हानं लोखंड तापत होतं आणि बेल्ट मधूनच करकरत होता. त्यांनी मागच्या चाकावर तळवा ठेवला. आयुष्यभर त्यांनी टेम्पोतून म्हशी नेल्या होत्या. जनावर आखूड बांधलं की वळणावर मान मोडून घेतं. दावं वीतभर सैल ठेवलं तर ते पाय रोवून आपला तोल आपण सांभाळतं. त्यांच्या हातून वाटेत एकही जनावर पडलं नव्हतं. बोटांनी त्यांनी खटका शोधला, उचलला. बेल्ट सुस्कारा टाकल्यागत ढिला पडला. वीत भरली तशी त्यांनी खटका परत बसवला आणि चहाला गेले.

"गार झाला तुमचा," कामिल म्हणाला.

"असू दे."

नेसरीच्या पुढं चढ लागला. दुसऱ्या वळणावर मागनं धप्प आवाज आला आणि पिकअपला हिसका बसला. मागची दुचाकी करकचून थांबली. तिच्यावर नवरा-बायको आणि मधे तान्हं पोर होतं. दुचाकीवाल्यानं दोन शिव्या हासडल्या आणि तो पुढं गेला. पदराखालचं पोर रडत होतं, तेवढं आकारामांना स्पष्ट ऐकू आलं.

मारुतीचं मागलं अंग सरकून ट्रेलरच्या कडेला टेकलं होतं. तीन बेल्टांनी धरलं होतं. चौथा चाकाखाली लोंबत होता.

कामिलनं तो हातात घेतला. मग खटका बघितला. तो बसलेलाच होता.

"मी बघितला हुता," तो म्हणाला. मग आकारामांकडं न बघता, "बघितला हुता न्हवं?"

आकारामांनी तळवा सदऱ्याला पुसला.

कामिलनं फोन लावला. ट्रेलर त्याच्या मामूंचा, गौसभाईंचा होता. आधीच्या ड्रायव्हरची गाडी उतारावर सुटली, तेव्हा मामूंनी त्याला त्याच दिवशी काढलं होतं.

"मामू, माझ्याकडनं एक बेल्ट सैल ऱ्हायला... न्हाय, पडली न्हाय. कुणाला लागलं न्हाय... व्हय. व्हय मामू. आल्यावर बोलू."

फोन खिशात टाकून त्यानं गाडी पुन्हा मधोमध ओढून घेतली, ठोकळे ठोकले, बेल्ट टाकले. कडी दोनदा निसटली. आकाराम मदतीला पुढं झाले, तर तो म्हणाला, "बसा आबा, ऊन लागंल."

त्यांच्या खिशातला फोन वाजला. वर्षाराणी.

"आबा, कुठं आलाय?"

"नेसरीच्या पुढं."

"नीट बांधलीया न्हवं? हितली वळणं लई वाईट हाईत."

"कामिल बांधतोय," ते म्हणाले.

"आता बांधतोय?"

"करतो तुला परत." त्यांनी फोन ठेवला.

कामिल चौथा बेल्ट ताणून उभा राहिला. त्यानं बोटं मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"आबा," तो म्हणाला, "एवढे चारी तुमी एकदा हात लावून बघा. माझा मला भरवसा ऱ्हायला न्हाय."

आकाराम उठले. पहिला बेल्ट वाजला. दुसरा वाजला, तिसराही. चौथ्यापाशी त्यांनी दांडा धरला आणि सगळा जोर लावून आणखी एक खटका आवळला. दांड्यावरचा हात मात्र त्यांनी काढला नाही.

"कामिल," ते म्हणाले.

"काय, आबा?"

त्यांच्या खिशात फोन पुन्हा वाजू लागला. अकरा वाजून गेले होते आणि ट्रेलर अजून वळणावरच उभा होता.