पाळण्याचं शिसव

माणूस रिटायर झाला की त्याला घरात ठेवायचं कुठं, हे कंपनीवाले सांगत नाहीत. आमचे हे, मुबारक टर्नर, सारी हयात चिकलठाण्याच्या कंपनीत लोखंड कातत होते. घरी बसले तर माझ्या मागं लागले. कांदा एवढा जाड का चिरला, गॅस एवढा मोठा कशाला, डाळीत मीठ कुणाला विचारून टाकलं. तौबा! डोकं नुसतं भणभणायचं.

शेवटी मीच म्हणलं, "नजमाचे अब्बा, ती स्कूटरची खोली रिकामी करा. तिथं लाकडाची खराद मांडू आपण."

आपण म्हणलं मी. त्यांनी काय ऐकलं अल्ला जाणे.

लाकूड कातायची खराद म्हणजे माझ्या माहेरचा धंदा. देवगाव रंगारीत माझे अब्बा, कमरोद्दीन खरादी, बाजेचे पाय आन् पाळण्याचे खांब करायचे. तेव्हा कुठली आलीय मोटर! लाकडाला दोरीचा वेढा घालायचा, एकानं दोरी इकडून तिकडं ओढून ते फिरवायचं, दुसऱ्यानं पटाशी लावायची. दोरी माझ्याकडं. सारं लहानपण त्या दोरीला गेलं. पटाशी मागितली की अब्बा हसायचे, "पोरीच्या हातात धार कशाला? ओढ नीट." लाडानंच म्हणायचे, पण दिली कधीच नाय. शेवटच्या दुखण्यात मात्र शिसवीचा एक ओंडका माझ्या नावानं बाजूला काढला. तुझ्या लेकीच्या पहिल्या लेकराला ह्याचा पाळणा कर, म्हणाले. आमच्यात पहिला पाळणा आजोळहून जातो.

तो ओंडका किती वर्षं माझ्या पलंगाखाली वाळत पडला होता. मी त्याच्या भोवतीनं झाडायची. नजमाला दिवस गेल्याचं कळलं आन् माझ्या मनानं घेतलं, पाळण्याचे खांब मी माझ्या हातानं करणार. बाकी मला आयुष्यात काही नको होतं.

स्कूटर अंगणात ताडपत्रीखाली गेली. खोलीला मी चुना दिला. ह्यांनी जुन्या बाजारातून मोटर आणली, पट्टा चढवला, सिमेंटचा ओटा बांधायला घेतला. मी म्हणलं, "ओटा थोडा खाली घ्या. लाकूड कोपराच्या उंचीला यायला पायजे."

"माझ्या कोपराला बरोबर आलंय."

"आन् माझ्या?"

"तुला काय करायचंय? मोटर लावलीय आता, दोरी ओढायची कटकटच मिटली. तू आपला आराम कर."

आराम! माझ्या अंगाची लाही लाही झाली. सरळ सांगितलं, "मला पटाशी धरायचीय. पाळण्याचे खांब मी करणार."

"करशील की. आधी माझा हात तर बसू दे."

तो हात काही बसेना. लोखंडाचा माणूस! वखारीतून ओलं लिंबाचं लाकूड आणायचं, माप घेऊन घेऊन गोल करायचं, खिडकीत मांडून बघत बसायचं. आठवडाभरात त्याला चीर जायची. दुसरं केलं, तेही वाकडं झालं. मग लाकडाला शिव्या, वखारवाल्याला शिव्या. मला राहवलं नाही. म्हणलं, "लोखंड आज जेवढं मापलं तेवढंच उद्या राहतं. लाकूड वाळलं की आटतं, वळतं. खरादीला वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड लागतं."

"असं व्हय!" म्हणाले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं त्यांनी. मी येडी, दिवसभर खुशीत होते.

पुढं नजमाला सातवा महिना लागला, तिच्या सतवाशाच्या ओटीभरणीला मी तिच्या सासरी जालन्याला गेले. चार दिवस राहून परत आले तर शेजारची मंजुळाबाई फाटकातच उभी. "भाभी, भाईंनी लाटणं लई झकास दिलं बरं का! काळंभोर, गुळगुळीत. साऱ्या गल्लीत वाटली त्यांनी."

काळंभोर म्हणल्यावर मी थांबलेच नाही. हातातली पिशवी घेऊनच आत गेले, पलंगाखाली वाकून पाहिलं. तिथं काहीच नव्हतं.

"अगं, तुझंच ऐकलं," हे मागनं हसत हसत आले. "वाळकं लाकूड पायजे म्हणलीस ना? एकाला तरी चीर गेली का बघ!"

"पाळण्याचं होतं ते. माझ्या अब्बांनी ठेवलेलं."

"हात्तिच्या! पाळणा काय, क्रांती चौकात स्टीलचा मिळतो, चाकं लावलेला. आन् लाकूड आणू की दुसरं. रडायला काय झालं? हे बघ, सगळ्यात चांगलं तुझ्यासाठी राखून ठेवलं." आन् माझ्या हातात लाटणं दिलं.

चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्या माणसावर कधी आवाज चढवला नव्हता. ते लाटणं घेतलं आन् निघाले. खराद मांडली होती त्या खोलीत गेले. ओटा उंच, म्हणून रंगाचा रिकामा डबा पायाखाली घेतला. लाटणं खरादीत अडकवलं, बटण दाबलं आन् पटाशी उचलली.

"अगं, अगं! बोट जाईल! चांगलं लाटणं आहे ते!" हे दारातून ओरडत होते.

मी पटाशी लावली. आधी मुठी गेल्या, मग मधला फुगीर भाग गेला. काळा भुसा माझ्या पदरावर, केसांत, तोंडात. लाटण्याची काठी झाली, काठीची काडी झाली. पटाशी एकदाही उडाली नाही, एकदाही अडखळली नाही. माझा हात असा चालेल हे मलाही ठाऊक नव्हतं, आन् त्याचंच मला जास्त रडू येत होतं. शेवटी काडी मधोमध मोडली. मी मोटर बंद केली.

हे जवळ आले. मोडलेली काडी उचलून बोटांत फिरवून पाहिली, उजेडाकडं धरली.

"अगं, हात तर लई साफ आहे तुझा," म्हणाले. "आधी सांगायचं ना."