गुळव्याच्या पायावरची कातडी

मी एका जुन्या म्हशीच्या कातड्याची नवी पट्टी हाय, मित्रांनो. नाव कोलॅजन. बघायला पापडासारखी पातळ, खरं ताकद इचारू नका.

आमची म्हस उचगावची. रोज सांजंला शहरात जायची आन् दुधाच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकापुढं धार द्यायची. वाटंत हॉर्न दिलेला तिला खपायचा न्हाय. एकदा उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन पुढ्यात आला. ही नुसती बघत हुभी ऱ्हायली. ट्रॅक्टर मागं मागं सरत पार शेतात गेला आन् ऊस परत बुडख्याला चिकटला म्हंत्यात. खोटं वाटत आसंल तर ट्रॅक्टरलाच इचारा.

म्हातारी होऊन म्हस गेली. कातडं आडवं चिरून दोन थर वेगळं केलं. वरच्या थराच्या चपला झाल्या, खालच्या थरात मी ऱ्हायले. जाताना मला म्हणाल्या, "आम्ही करकर वाजत मिरवणार. तू काय करणार ग, मऊबाई?"

मी म्हटलं, "बघाल की!"

मला कारखान्यात नेलं. केस काढलं, चरबी काढली, धुतलं, घोळलं, गाळलं, पातळ पसरून वाळवलं. म्हशीचं म्हणून जे जे हुतं ते सगळं गेलं, फकस्त रग ऱ्हायली. त्या रगंलाच कोलॅजन म्हंत्यात. तुमच्या कातडीतबी तीच आसती, म्हणून तुमच्या अंगाला मी परकी वाटत न्हाय. मग बंद पाकिटात दारूसारख्या झणझणीत पाण्यात बुडवून ठेवलं. दुसरी कुणी झिंगली आसती. मी शुद्धीवर हुते.

हंबीरराव गुऱ्हाळावरचा गुळव्या. मोठ्या काहिलीतला उकळता पाक कधी उतरवायचा, ते त्यानं सांगायचं. गुळाची जागा म्हंजी देवाची जागा, तिथं पायात कातडं चालत न्हाय. म्हणून समदी अनवाणी. काहील उतरताना पाक उसळला आन् हंबीररावाच्या उजव्या पायावर सांडला. पायाचा वरचा भाग पार सोलून निघाला. पाय सडला आसता तर गुळव्याचं काम कायमचं गेलं आसतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली आन् मला पाकिटातनं काढून, सलाइनच्या पाण्यात धुऊन वल्लीच वर बसवली. वाळत वाळत मी घट्ट बसले. उघड्या जखमेला वारा झोंबायचा थांबला, तसा हंबीरराव घोरायला लागला. बाई त्याच्या बायकोला, संयोगिताला म्हणाल्या, "ही वाळून कडक होईल. ओढायची नाही. खाली कातडी आली, की आपोआप सुटते."

आठवड्यानं घरी आणल्यावर त्याची आई, आक्का, पायाशी बसली आन् मला बघून तिनं नाक मुरडलं.

"काय ग सूनबाई, ह्यो काय पापुद्रा ठेवलाय?"

"म्हशीच्या कातड्यापासनं केलीया, आत्ती. औषधाची हाय."

"कातडं? आगं, आम्ही वहाण दारात काढतोय, आन् तू कातडं घेऊन हातरुणात? काढ आधी! चुना-गूळ लावते."

हंबीरराव म्हणाला, "आये, देवीपुढं हलगी वाजती, ती काय कागदाची आसती व्हय?"

"ती वाजती. ही वाजती का?"

आन् म्हातारीनं माझा कोपरा धरला की! मी म्हटलं, ओढ बाई, किती ओढतीस ती. ट्रॅक्टर मागं सारणाऱ्या म्हशीची हाय मी. कोपरा टरकला, खाली रक्त आलं आन् हंबीरराव "आयेऽऽ" म्हणून लहान पोरासारखा वरडला.

म्हातारीचा हात थांबला. तिनं वाकून बघितलं. ओढला तिथं लाल मांस हुतं. खरं दुसऱ्या कडंला मी आपणहून सुटले हुते, तिथं गुलाबी, कोवळी कातडी आलती.

"हे कधी आलं?"

संयोगिता डोळं पुसत म्हणाली, "कुणी हात लावला न्हाय, तवा आलं, आत्ती."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फाटका कोपरा कापला, तिथं माझ्या धाकट्या बहिणीचा तुकडा बसवला आन् आक्काला झापलं. आक्काला गप बसलेली बघून घड्याळबी थांबलं म्हंत्यात.

त्यानंतर कबनूरचं पावणं आलं. पाय बघून म्हणालं, "ह्ये काढा, वैनी. भाजल्यावर शाई लावत्यात."

आक्का म्हणाली, "उलथनं तापवून तुमच्या पायाला लावते, पावणं. मग तिथं लावा शाई!"

पावणं च्या न पिता गेलं.

मग रोज थोडी थोडी मी सुटत गेले. शेवटचा तुकडा पडला, तवा हंबीररावानं अंगणात उजवा पाय टेकला. आक्कानं दंड धरला हुता, त्यो हळूच सोडला. गडी हुभा ऱ्हायला. मला झाडून केरात टाकली. टाका! पाय तर हुभा केला न्हवं मी?

तर मित्रांनो, भाजलं तर आधी गार पाणी ओता आन् नीट दवाखाना गाठा. चुना, शाई, दातांची पेस्ट, काय बी थापू नका. आन् माझ्यासारखी कुणी जखमेवर बसलेली दिसली, तर नखं आवरा. माझं काम झालं की मी जाते. त्याच्या आधी कुणाच्या बापाला ऐकायची न्हाय.