मोरिबेला सगळं दिसलं होतं

‘कार्टून’ म्हटलं की निकेश चवताळायचा. कार्टून नाही, अ‍ॅनिमे! आणि त्यातही उडणारी माणसं, राक्षस, शाळकरी पोरापोरींची प्रेमं असलं काही त्याला चालत नसे. त्याला लागायच्या सामुराईंच्या ऐतिहासिक मालिका. जुने किल्ले, किल्ल्यातले सरदार, सरदारांचे चाकर आणि त्या चाकरांचं इमान. आठवडाभर तो वर्ध्याला झेरॉक्सच्या दुकानात बसून लोकांचे फॉर्म भरायचा, आणि रविवारी आंजीतल्या घराच्या स्लॅबवर मोबाईल उभा करून या मालिकांवर बोलायचा. चॅनलचं नाव ‘तलवार आन् तूर’. बघणारे दोन हजारांच्या आसपास, पण जे होते ते पक्के, कारण निकेशची मतं कोणाच्या बापाला भीत नसत. स्वतःच्या बापाची गोष्ट अर्थात वेगळी.

मतंही अशी की ऐकणाऱ्यानं आधी हसावं आणि मग विचारात पडावं. “हे सामुराई तीन टाइम भात खाऊन राह्यले, पन एका बी भागात कोनी रोवणी करताना दिसत नाई. मंग तांदूळ काय किल्ल्यात उगवते?” एकदा त्यानं एक दृश्य मधेच थांबवून दाखवलं. अंगणात बर्फ पडलेलं आणि मागच्या भाताच्या बांधीत धान हिरवंगार. “ज्यानं हे चित्र काढलं, तो एकडाव तरी वावरात गेलता का?” तलवारीनं दगड कापणारा सामुराई दिसला की म्हणायचा, “याले आमच्या वावरात पाठवा बावा, तथी दगडं लय आहेत.” पण एका गोष्टीची त्याला मनापासून चीड होती. हिरोला राग यावा म्हणून पहिल्याच भागात एक शेतकरी मारायचा, आणि पुढचे चोवीस भाग त्याच्या बायकोचं नावही घ्यायचं नाही! ती बाई काय खाते, तिचं वावर कोण वाहतं, हे कोणी विचारत नाही म्हणून तो कॅमेऱ्यासमोर खरोखर तापायचा.

त्याचा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ होता मोरिबेवरचा. या मालिकेत एक सरदार रागाच्या भरात निरपराध गावकऱ्याला कापतो. ते पाहतो एकटा मोरिबे, सरदाराचा जुना चाकर. चौकशीला वरून अधिकारी येतात, तेव्हा मोरिबे मान खाली घालून म्हणतो, ‘मी काही पाहिलं नाही.’ मग उरलेले सगळे भाग तो आतल्या आत झुरतो आणि शेवटी बर्फात एकटाच बसल्या बसल्या मरतो. मागं बासरी. ती बासरी ऐकून चाहते ढसाढसा रडले, आणि निकेशचं डोकं फिरलं.

“बासरी बंद करून पाहा,” तो म्हणाला होता. “मंग काय उरते? एक भेकड मानूस. खोटं बोलनाऱ्याले निदान खोट्याची लाज तरी वाटते. ‘मी पाह्यलंच नाई’ म्हननारा तं लाज बी वाचवते! आन् असा मानूस बर्फात-गिर्फात मरत नाई, बावाहो. तो घरी जाते, पोटभर जेवते आन् दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाते.”

हा व्हिडिओ गावातही फिरला. त्याच्या चुलतबहिणीनं, अंकितानं, तो दोन दिवस आपल्या स्टेटसला ठेवला होता.

अंकिता म्हणजे कैलासकाकाची मुलगी. काका दोन वर्षांपूर्वी हार्टनं गेला, आणि त्या घरात उरल्या दोघी, नलूकाकू आणि अंकिता. दोन्ही घरांची वावरं लागून होती, मधे फक्त धुरा. त्या हद्दीवरचा दगड गेल्या उन्हाळ्यात नांगराला लागून उखडला, तिथला धुराही मोडला. निकेशच्या बाबांनी, रूपरावांनी, तो परत रोवला, पण रोवला सहा तास पलीकडे, काकूच्या वावरात. सहा तास म्हणजे कपाशीच्या सहा ओळी, ऐकायला काहीच नाही. पण काकूची बैलबंडी त्याच पट्ट्यावरून वावरात जायची. पट्टा गेला की वाट गेली. आणि बिनवाटेचं वावर आज ना उद्या शेजाऱ्याच्याच गळ्यात पडतं, हे आंजीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. रूपरावांना तर चांगलंच कळत होतं.

सरकारी मोजणीची तारीख लांब होती, आणि रूपराव तर येत्या आठवड्यात तारेचं कुंपण घालायला निघाले होते. म्हणून काकूनं पंच बोलावले.

पंचांना निवाडा करायला एक खूण होती. हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरायची जुन्या लोकांची रीत. दगड हलतो, हलवता येतो. कोळसा मात्र कुजत नाही की जागा सोडत नाही. अठरा वर्षांपूर्वी निकेशच्या आजोबांनी दोन लेकांत वावर वाटलं, तेव्हा तो कोळसा नऊ वर्षांच्या निकेशच्या हातून पुरला होता. हेही रीतीला धरूनच. म्हाताऱ्या साक्षीदाराचा काय भरवसा? लहान हात जास्त वर्षं टिकतो. आजोबांनी त्याला खड्ड्यावर उभं केलं आणि खांदे धरून वळवलं. “पाह्य, मारोतीच्या देवळाचा कळस आपल्या हिरीच्या खांबामांगं लपला का? लपला ना? मंग तुह्या पायाखाली कोळसा. इसरजो नको.” आजोबा गेले, काका गेला. काकू त्या वेळी तान्ह्या अंकिताला घेऊन माहेरी आष्टीला होती. आता ती जागा ठाऊक असलेले दोघेच उरले होते, रूपराव आणि निकेश.

पंच यायच्या दिवशी सकाळी रूपराव गोठ्यात बैलाला कुटार टाकत होते. निकेशकडे न बघताच म्हणाले, “पंचाईत बसली का नत्थूजी तुले इचारन.”

“माहीत आहे.”

“खोटं बोल म्हून मी नाई म्हनून राह्यलो. आठवत नाई म्हन. नऊ वर्साचं पोट्टं होतं तू. कोनाले आठवते?”

“बाबा, काकूची वाट आहे ते.”

रूपरावांनी टोपलं खाली ठेवलं. “कैलासच्या दवाखान्यात कोन धावलं? त्याच्या वाटनीले चांगली जमीन आली, मी काही बोल्लो? आन् हे वावर मी डोक्यावर घेऊन जानार आहो का? तुह्याच नावानं होनार आहे ना?” मग आवाज एकदम खाली आला. “पंचाईसमोर बापाले खोटा पाडशीन तं मंग मले बाप म्हनू नको.”

निकेशला राग आला, कीवही आली आणि भीती तर त्याहून जास्त. कॅमेऱ्यासमोर घडाघडा बोलणारी जीभ घरात मात्र टाळूला चिकटली. ‘आठवत नाही’ हे खोटं थोडंच आहे, असं तो वावराच्या वाटेनं स्वतःला समजावत गेला. माणूस विसरतोच की. त्याला वाटेत तीनदा वाटलं की परत फिरावं आणि वर्ध्याची गाडी धरावी. पण पाय वावराकडेच चालत राहिले.

धुऱ्यावर निंबाच्या सावलीत सतरंजी टाकली होती. मधे नत्थूजी, गावचे जुने पोलीस पाटील, आणि बाजूला आणखी दोन पंच. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, कपाशीचा दुसरा वेचा चालू होता. रूपरावांनी आपल्या बाजूचे चार जण आणले होते. काकूकडून कोणी आलं नव्हतं. ती आणि अंकिता, दोघीच. आष्टीचा तिचा भाऊ कागद जाणणारा माणूस, तो तरी येईल असं सगळ्यांना वाटलं होतं.

काकूनं थर्मासमधला चहा पंचांना दिला, मग रूपरावांचा कप निकेशच्या हातात ठेवला. रूपराव तिचे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. वीस वर्षांत ती त्यांच्याशी थेट एक शब्द बोललेली नव्हती. जे काही असेल ते निकेशच्या तोंडून जायचं. ‘निकेश, बाबाले सांग, बैल पाह्यजे होता उद्या.’ ‘निकेश, बाबाले सांग, तुह्या काकाले ताप आहे.’ लहानपणापासून तो दोन घरांमधला निरोप्या होता, आणि निरोप त्यानं कधी बदलला नव्हता. आज चहा देताना ती त्याच्याकडे बघून हसली. कशाचीही काळजी नसलेल्या बाईसारखी हसली. त्यानं घाईनं वळून कप बाबांपुढं नेऊन ठेवला.

“निकेश,” नत्थूजी म्हणाले, “कोळसा तुह्या हातचा आहे. दगडाचं जाऊ दे, दगड काय, बोलत नाई. कुठी पुरला होता ते पाय ठिवून दाखव. हात-दीड हात खांदू. निंघाला तं निंघाला.”

निकेश उठला. दगडाजवळ गेला आणि तिथून बाबांच्या वावराकडे सावकाश चालू लागला. बाजूच्या तुरीतून वाट काढत दहा-बारा पावलं गेला असेल, तोच विहिरीचा खांब आला आणि देवळाचा कळस त्या खांबामागं अलगद लपला. तो थांबला. पायाखालची जमीन इतर जमिनीसारखीच होती, भेगाळलेली, काळी. पण त्याला आजोबांचे हात खांद्यावर जाणवले. अगदी स्पष्ट जाणवले.

मागं वळून पाहिलं तर सगळे त्याच्याकडेच बघत होते. रूपराव सोडून. रूपराव जमिनीकडे बघत होते, आणि त्यांची मान त्याला एकाएकी फार म्हातारी वाटली.

“अथी का?” नत्थूजींनी विचारलं.

एक ‘हो’ म्हणायचं होतं. एवढंच. कुदळ तयार होती.

“आठवत नाई,” निकेश म्हणाला.

“नीट याद कर, बापू.”

“नऊ वर्साचा होतो, नत्थूजी. मले नाई आठवत.” आणि तो त्या जागेवरून बाजूला सरला.

मग सगळं भराभर झालं. खूण सांगणारं कोणी नाही, उभ्या पिकात सगळा पट्टा खोदत बसता येत नाही, तेव्हा मोजणी होईस्तोवर दगड आहे तिथंच हद्द धरावी, असं ठरलं. नत्थूजींनी वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या. रूपरावांनी सही केली, निकेशनं साक्षीदार म्हणून केली. काकूनं पेन हातात घेतलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि सही केली. अंकिता कप गोळा करत होती. तिनं निकेशपुढचा कप उचलला नाही.

माणसं पांगली. काकू थर्मास घेऊन निघाली आणि त्याच्याजवळ येऊन थांबली. रडत नव्हती. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“माहा भाऊ येनार होता आष्टीवरून,” ती म्हणाली. “वकिलाशी बोल्ला होता. कोर्टातून कुंपन थांबवतो म्हने. मीच नको म्हटलं त्याले.”

“काऊन, काकू?”

“अंकितानं तुहा तो विडिओ दाखोलता मले. त्या जपानातल्या मानसाचा. पूर्न पाह्यला मी, दोनदा. तू किती बोल्ला त्याले! आन् त्या मेलेल्या शेतकऱ्याच्या बायकोसाठी किती तापला!” तिनं पदर डोक्यावर सारखा केला. “म्हटलं, ज्या पोराले कुठच्या कुठी एका बाईचं वावर कोन वाहते याचा घोर आहे, त्याच्या भरोशावर मी नाई राहू तं कोनाच्या राहू? म्हून भावाले म्हटलं, वकील-फकील नको. आपला निकेश आहे.”

निकेशला तोंड उघडायचं होतं. काकू, मला आठवतं, तिथंच आहे, चल दाखवतो. शब्द अगदी ओठावर आले. नत्थूजी अजून वाटेवर दिसत होते, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. त्यानं मारली नाही. काकू थोडी थांबली, मग त्या पट्ट्यावरून, तिच्या बंडीच्या चाकोरीतून, अंकिताच्या मागं चालत गेली.

तो घरी आला. आईनं, देवकाबाईनं, पान वाढून ठेवलं होतं. तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, भाकर, भात. रूपराव आधीच बसले होते. त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्या पानात तूप वाढलं, जे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. निकेशला वाटलं, आपल्याला घास उतरणार नाही. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि आमटी चांगली झाली होती.

“भात घेतं अजून?” देवकाबाईनं विचारलं.

त्यानं ताट पुढं केलं. पोटभर जेवला, आणि दुसऱ्या दिवशी आठच्या गाडीनं वर्ध्याला ड्युटीवर गेला.