बाळाची पेटी आणि नाबोरचं पोट

गेल्या वर्षी बसच्या गचक्यात बाळ येशूच्या मूर्तीचं बोट मोडलं, तेव्हा बाळ नाबोरच्या मांडीवर होतं. तेव्हापासून टोलुका शहरातल्या सासुरवाडीत त्याचं नाव 'बोटमोड्या' पडलं. बायकोसुद्धा त्याच्या हातात अंडी देईना. आणि नाबोरचा धंदा काय, तर ट्रम्पेटच्या पेट्यांना आतून फोम बसवायचा! हे त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

म्हणून यंदा फेब्रुवारीच्या सणाला बाळ आशीर्वादासाठी गावच्या चर्चमध्ये न्यायचं, तर त्यानं खास पेटीच करायला घेतली. सासूबाई, दोन्या एदुविखेस, शंभर वर्षांचं ते प्लास्टरचं बाळ दुलईत गुंडाळून घेऊन आल्या आणि त्याच्या डोक्याशी उभ्या राहिल्या. नाबोरनं बाळाभोवती खडूनं रेघ मारली. मग पाव कापायच्या विजेच्या सुरीनं रेघेच्या दोन सूत आतून कापलं, म्हणजे फोम घट्ट धरतो. बोटांच्या खाचा गिटारची तार तापवून केल्या. पेटी उलटी करून हलवली तरी बाळ जागचं हललं नाही. सासूबाईंचा मात्र जीव वर-खाली झाला.

निघायच्या सकाळी त्या बाळाला घेऊन आल्या, तर बाळ डॉक्टर झालेलं. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, पायांत बूट आणि डॉक्टर असलं तरी शेवटी देव, म्हणून डोक्यावर मुकुट.

नाबोरनं बाळ खाचेवर धरून पाहिलं, आत जाईना. बाळाला दर वर्षी नवा पोशाख करतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. यानं माप घेतलं होतं उघड्या बाळाचं.

"आई, कोट तेवढा काढू या का?"

"काढा की! मग त्याच्या मानलेल्या आईला तोंडही तुम्हीच दाखवा. कपडे घालायचा-काढायचा मान तिचा, आणि ती बाळाला नटवून कालच पुढं गावाला गेलीय."

नाबोर खाच वाढवायला बसला. मुकुटापाशी फोम मक्याच्या पोळीएवढा पातळ उरला. बस सुटायला अर्धा तास होता.

"ठेवा ती सुरी." सासूबाईंनी फोमचा कोरा तुकडा भिंतीला लावला आणि खडू उचलला. "इथं उभे राहा. हात वर. पोट आत ओढू नका, खोटं माप नकोय मला."

"अहो आई, माझं माप कशाला?"

"गचके बाळाला बसत नाहीत, जावईबापू, तुम्हाला बसतात. अस्तर तुम्हालाच पाहिजे."

स्वतःच्या पोटाची रेघ नाबोरनं स्वतःच कापली, सवयीनं दोन सूत आतून. तो फोम पोटावर दोरीनं आवळल्यावर त्याला श्वास पुरेना. रिकाम्या पेटीत सासूबाईंनी मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले भरले. बाळाच्या डोक्याच्या खाचेतच चार बसले.

बस खड्ड्यांतून उडत गेली. अख्खी बस नाबोरकडे बघून हसत होती. तो मात्र डॉक्टरसाहेबांना कवटाळून खांबासारखा बसला.

चर्चच्या दारात सासूबाईंनी बाळाची बोटं मोजली. चिकटवलेलं धरून दहा. मग नाबोरच्या फोमवर थाप मारून त्या बाळाच्या मानलेल्या आईला म्हणाल्या, "पेटी आमच्या जावयानं केलीय. चांगली झालीय हो."

नाबोरला आनंदानं रडू येत होतं, पण हुंदक्याला आत जागाच नव्हती.