पहिली ओळ खाली

मित्रांनो, वहीत बाई लाल शाईने बरोबरची खूण करतात ना? मी तिचीच एक जुनी बहीण आहे. राहते मात्र कामतघरला, केसरीनाथ शेठच्या लूम कारखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये. माझ्या चौकोनाशेजारी लिहिलंय, 'पहिली ओळ खाली'.

आमचा प्रोग्राम कापडावरच्या नक्षीचा. दूरदूरच्या हौशी मंडळींनी तो बनवला आणि जगाला फुकट वाटला. मागावर कापड खालून वर वाढतं, म्हणून नक्षीची खालची ओळ आधी विणायची, हे सांगणं माझं काम. जन्मापासून मी चौकोनात आपोआप हजर असायची, त्यामुळे मला कोणी विचारतही नसे. शेठची मुलगी रुचिका माझ्याच भरवशावर कापडावर पोपट विणून घ्यायची. कौतुक मात्र पोपटांचं व्हायचं!

यंदा तिच्या चुलतभावाची हळद होती. पाहुण्यांच्या खांद्यावर टाकायला 'प्रितेशची हळद' असं विणलेले टॉवेल करायचे, हा हट्ट तिचाच. नेमका तेव्हाच प्रोग्राम नवा झाला आणि त्याच्या कर्त्यांनी मला चौकोनातून उठवलं, म्हणजे आता वरची ओळ आधी. रुचिकाला पत्ताच नाही. पहिला टॉवेल विणून होताच जुने कारागीर दाजी यांनी माग थांबवला. त्यांना वाचता येत नाही, पण अक्षरांची रेघ वर असते एवढं ठाऊक होतं. इथे ती खाली! टॉवेल फिरवून धरला तरी वाचता येईना.

"ह्ये काय गो? अक्षरं पान्यात पडल्यावानी दिसतान," शेठ गरजले. "उद्यापर्यंत सरळ कर, न्हायतर मी छापील टॉवेल आनतो. आन् तुझा कॉम्प्युटर कायमचा बंद."

रुचिकाचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं.

ती प्रोग्रामच्या पानावर तक्रार लिहायला गेली, तर तिथे विणकरांची जत्राच भरलेली. "कापड खालूनच वाढतं, बदलू नका!" तिनेही तेच लिहिलं. कर्त्यांचं उत्तर नम्र, पण ठाम होतं. नवशिक्यांना वरून सुरुवात सोपी जाते, बदल राहणार. जुनी रीत हवी त्याने सेटिंगमध्ये जाऊन स्वतः खूण करावी.

"म्हंजे न्हायच म्हनले ना?" दाजींनी विचारलं.

"नाहीच म्हणाले. पण खूण ठेवलीय कुठेतरी."

शोधत शोधत ती आली आणि तिने मला पुन्हा चौकोनात बसवलं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

हळदीला शेठ टॉवेल फिरवत असे नाचले की बेंजोवाले दमले. "माझ्या पोरीनं केलाय," हे त्यांनी मांडवातल्या प्रत्येकाला ऐकवलं, कोणी न विचारता.

मित्रांनो, कर्त्यांवर माझा राग नाही. घर आवरताना वस्तू हलणारच. एवढंच मागणं आहे, हलवलंत तर घरच्यांना सांगत जा. आणि तुम्हीही, जे आपोआप मिळतं त्याची अधूनमधून विचारपूस करा.

आता प्रोग्राम नवा झाला की दाजी चहाचा ग्लास घेऊन पडद्याशी येतात. एक अक्षर न वाचणारे दाजी मला मात्र ओळखतात.

"पोरी, आपली खूण हाय ना जाग्यावर?"

"हाय, दाजी," रुचिका सांगते.

मगच माग सुरू होतो.