विहिरीच्या वरचा बांध

मी एक जुना मातीचा बांध आहे. कोणी मला आडमुठा म्हणतात, कोणी जागा अडवणारा म्हणतात. खुशाल म्हणा.

मित्रांनो, काशीद गावाच्या मागे डोंगरउतारावर माझं ठिकाण आहे. वर भाजीची वाडी, खाली पिण्याच्या पाण्याची विहीर आणि मध्ये मी. सखुबाईंनी डोक्यावरून माती आणून मला घातलं आणि माझ्या अंगावर वाळ्याचं गवत लावलं. उतारावरून धावत येणारं पाणी माझ्यापाशी थबकत असे. गाळ तिथेच बसे, खत वाळ्याची मुळं शोषून घेत. "हिरीचा तळ दिसतो तो या बांधामुलं," असं सखुबाई सुनांना सांगत. तेव्हा माझा ऊर भरून येई.

पुढे त्यांचा नातू अनंता तिथे काकडी आणि दोडका पिकवू लागला. माणूस कष्टाळू, पण हाताला सवय भातशेतीची. भाताच्या खाचरात पाणी कोंडलेलं असतं, म्हणून तिथे फेकलेला युरिया बराचसा तिथेच राहतो. अनंता उतारावरही ढग बघून मुठीमुठीने युरिया फेकू लागला. वर वेलांशी पाणी तुंबू नये म्हणून त्याने मला मधोमध फोडलं. पाऊस सगळं खत विहिरीत घेऊन गेला. पाणी हिरवं झालं.

यंदा श्रावणात तो मला सपाट करायला जेसीबी घेऊन आला.

"बांध काढला का वेलांचे आनखी दोन मांडव बसतील," तो जेसीबीवाल्याला म्हणाला.

त्याची बायको रचना विहिरीवरून तांब्या भरून आली आणि माझ्यावर उभी राहिली. "पोरीसाठी पार खालच्या आळीतून हंडा आनते मी. ह्या तांब्यातलं पानी प्या, मग काढा बांध."

"अगं, पाव्हना बघतोय."

"बघू दे. त्यालाबी देते, च्या म्हनून."

जेसीबीवाल्याने हसू दाबत यंत्र बंद केलं. अनंताने तांब्यात पाहिलं. तो प्यायला नाही.

त्याच दुपारी त्याने दगडमातीने माझं भगदाड बुजवलं. रचनाने त्यावर वाळ्याचे ठोंब लावले. आता तो उघडीप बघून, थोडं थोडं खत मुळाशी मातीआड घालतो. पाणी मात्र अजून निवळलेलं नाही. रचनाचा हंडा अजून खालच्या आळीतूनच येतो.

मित्रांनो, मला हळदकुंकू नको. माझं गवत तणाचं औषध मारून जाळू नका आणि पावसाच्या तोंडावर खत फेकू नका, एवढंच मागतो. रचना आपल्या पोरीला याच विहिरीचं पाणी पाजत नाही, तोवर दोन मांडवांच्या जागेची भाषा माझ्याशी कोणी करू नये. आणि तिने पाजल्यावरही मी जागा सोडणार नाही.