आधी बोट कोण दाबणार

उदगीरच्या बैलबाजारात मी तीस वर्षं दलाली केली. सौदा रुमालाखाली होतो. दोघांचे हात एका रुमालाखाली जातात, तोंडानं चकार शब्द काढायचा नाही, बोटं दाबून भाव सांगायचा. आणि जो आधी बोट दाबतो तो फसतो. मी कधी आधी दाबलं नाही. समोरच्याचा चहा थंड व्हायचा, पण रेवणप्पाचं बोट हलायचं नाही. लोक मला दगड म्हणायचे आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. आग लागो त्या कौतुकाला.

अशा माणसानं छप्पन्नाव्या वर्षी मारामारीचा व्हिडिओ गेम शिकायला घ्यावा, याला काय म्हणावं? रत्नम्मा, माझी बायको, कपाळाला हात लावून बसली. पण मला दुसरा रस्ता राहिला नव्हता.

आमचा मृत्युंजय लातूरला दोन वर्षं डॉक्टरकीच्या शिकवणीला होता. दुसऱ्या खेपेलाही जमलं नाही तेव्हा घरी आला आणि दिवसभर हा गेम खेळत बसला. एका दुपारी माझं डोकं फिरलं. त्याच्या हातातला कंट्रोलर हिसकला आणि भिंतीवर आपटला. पोरानं तिथल्या तिथं बॅग भरली, लातूरला गेला, तिथं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागला. याला दीड वर्ष झालं. माझा फोन तो उचलत नाही. एकदा मी त्या दुकानापर्यंत गेलो, तर मला बघून मागच्या दारानं निघून गेला. त्या दिवशी मीही मनाशी म्हटलं, आता बोलायचं तर आधी तो बोलेल.

शेवटी धाकटी अक्षरा माझ्यावर वैतागली.

"अप्पा, दादा रोज सांजच्याला सहाला गेममध्ये रूम उघडतोय. नव्या लोकांला शिकवतोय. कोणीबी जाऊ शकतंय. तुम्ही जावा."

"मला काय येतंय त्यातलं?"

"काहीच येत न्हाई, म्हणूनच जावा की."

तिनं तोच कंट्रोलर काढला, चिकटवलेला. त्याची डावी दांडी ढिली झाली होती. हात लावला नाही तरी पडद्यावरचा माझा माणूस आपोआप मागं सरकायचा. मग तिनं माझ्या कानाला हेडफोन लावला आणि त्याच्या वायरवरचं एक बटण दाखवलं. "हे दाबलं की तुमचा आवाज दादाला जातोय. न्हाई दाबलं तर न्हाई. मी निरोप्या होणार न्हाई, आधीच सांगते."

सहा वाजता कानात आवाज आला, "या, नवीन कोण आलंय?" दीड वर्षानं ऐकत होतो. पण बटणाला मी हात लावला नाही.

"माइक नसंल तर नसू द्या. ऐकू येतंय का? येत असंल तर उडी मारा."

उडीचं बटण सापडायलाच मला अर्धं मिनिट लागलं. मारली.

पुढं महिनाभर मी रोज मार खाल्ला. आठ बटणं, दोन दांड्या, आणि प्रत्येक माणसाच्या पन्नास युक्त्या. खाली, पुढं, ठोसा, हे तीन मिळून एक चाल होते म्हणे. माझ्या हातून खाली व्हायचं तोवर मी आडवा. अक्षरा कागदावर चाली लिहून द्यायची. मला कागद पाठ झाला, पण बोटांना ते काही केल्या शिकवता आलं नाही. ज्या बोटांवर मी घर बांधलं, ती आता लाकडाची झाली होती. मी कुणाला सांगितलं नाही, पण गोठ्यात जाऊन दोनदा रडलो.

तो मात्र चिडायचा नाही. "परत करा. पुन्हा एकदा. घाई न्हाई." चाळीस वेळा म्हणायचा. माझ्या पोराला इतका धीर आहे हे मला माहीत नव्हतं. त्याला गणित शिकवताना मी दुसऱ्या वेळेला पट्टी उचलायचो.

मला एकच गोष्ट जमायची, अडवणं. समोरच्यानं हात उगारेपर्यंत थांबायचं.

"तुम्ही नुसतं अडवून राहिलात," तो एकदा म्हणाला. "इथं अडवणाऱ्याला उचलून आपटतात. कधीतरी आधी हात उचलावा लागतोय हो."

आणि त्यानं मला उचलून आपटलं.

मागच्या शुक्रवारी तो सगळ्यांना म्हणाला, "आज रूमचा शेवटचा दिवस. उद्या मस्कतला चाललो, नोकरी लागलीय. आता गेम बंद." एकेक जण निरोप घेऊन गेला. सात वाजत आले तेव्हा तो आणि मी राहिलो. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर उभी होती आणि माझा हळूहळू मागं सरकत होता.

"तुमचा कंट्रोलर मागं ओढतोय," तो म्हणाला. "माझाबी तसाच झाला होता. भिंतीवर आपटला की असं व्हतंय."

मी अंगठा बटणावर ठेवला.

"काही बोलायचं असंल तर बोला. मी थांबतो."

तो थांबला. त्याच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज मला ऐकू येत होता. नुसतं दाबायचं होतं. 'बाळा, मी चुकलो', एवढंच म्हणायचं होतं. पण मला वाटलं, तो 'अप्पा' म्हणेल, मग मी दाबेन. एकदा म्हणू दे. तीस वर्षांची खोड. पाच मिनिटं गेली असतील.

"बरं," तो म्हणाला. "शरणार्थ."

आणि रूम बंद झाली.

शरणार्थ आम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांना म्हणतो, पाया पडताना. अनोळखी माणसाला कुणी म्हणत नाही. त्याला सगळं ठाऊक होतं, कधीपासून ते देव जाणे. मी दाणकन बटण दाबलं आणि ओरडलो, "बाळा!" रत्नम्मा धावत आली. पलीकडं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहाला मी पुन्हा बसलो. रूम नव्हती. सरावाच्या मोकळ्या मैदानात माझा माणूस एकटाच उभा होता. मी हात मांडीवर ठेवले होते आणि तो मागं मागं सरकत कडेला जाऊन टेकला.